दुसऱ्या अंकाचा प्रश्न : अमेरिकेतील स्वतंत्र कृष्णवर्णीय कॉमिक्सकार आणि उत्तमतेचा ध्यास

अमेरिकन कॉमिक्समधील कृष्णवर्णीयांच्या स्थानाविषयी जे लेखन झाले आहे, त्यात पात्रांची चर्चा विपुल आणि ती पात्रे घडवणाऱ्या हातांची चर्चा त्या मानाने तोकडी, असे प्रमाण दिसते. मार्व्हल कंपनीने ब्लॅक पँथर १९६६ मध्ये आणला आणि १९७२ मध्ये ल्यूक केजच्या नावाने स्वतंत्र मालिका सुरू केली, हे अभ्यासकांना तोंडपाठ असते. मात्र या पात्रांची मूळ कल्पना गोऱ्या लेखक-चित्रकारांची होती आणि मालकी कंपनीची होती, ही बाब सहसा तळटीपेत जाते. प्रस्तुत आढाव्याचा विषय त्या तळटीपेच्या पलीकडचा, म्हणजे स्वतंत्र कृष्णवर्णीय कॉमिक्सकार हा आहे. येथे ‘स्वतंत्र’ या शब्दाने असा निर्माता अभिप्रेत आहे, की ज्याच्या पात्रांचा आणि कथेचा स्वामित्वहक्क त्याच्याच हाती राहतो आणि त्यामुळे कागद, छपाई, वितरण यांचा खर्च व जोखीमही बहुधा त्याच्याच अंगावर येते. मराठीत ज्याला पदरमोड म्हणतात, ती या व्यवसायात सुरुवातीची अडचण नसून कायमची अट असते.

‘उत्तमता’ हा शब्दही जरा उलगडून पाहिला पाहिजे. कॉमिक्समधील उत्तमता एखाद्या सुंदर चित्रात नसते. एका चौकटीतून पुढच्या चौकटीत नजर अडखळल्याशिवाय कशी सरकते, संवादफुग्यात किती शब्द मावतात आणि किती मावू नयेत, उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत वाचकाला पान उलटायला लावणारे काय असते, पेन्सिलीच्या रेखाटनावर शाई चढवताना कोणती रेघ जाड राहते आणि कोणती मुद्दाम मोडते, या सगळ्यांच्या मेळातून ती सिद्ध होते, आणि हा मेळ अंकामागून अंक टिकवावा लागतो. पहिल्या अंकात नायकाचा चेहरासुद्धा चित्रकाराला पुरता गवसलेला नसतो. तो तिसऱ्या-चौथ्या अंकात स्थिर होतो, आणि लेखकालाही आपल्या पात्राचा आवाज त्याच सुमारास सापडतो. हात बसायला वेळ लागतो. मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना हा वेळ दरमहा मिळणाऱ्या मोबदल्यासह मिळाला. त्यांच्या उमेदवारीचा खर्च कंपनीने सोसला. स्वतंत्र कृष्णवर्णीय निर्मात्यापुढे मात्र दुसरा अंक निघेल की नाही, हाच प्रश्न अनेकदा उभा राहिला. म्हणून या क्षेत्रातील उत्तमतेचा इतिहास हा बऱ्याच अंशी दुसऱ्या अंकाचा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ अशा प्रकाशनाने होतो, की ज्याचा दुसरा अंक निघालाच नाही. ऑरिन क्रॉमवेल इव्हान्स हे फिलाडेल्फियातील पत्रकार होते आणि गोऱ्यांच्या मालकीच्या ‘फिलाडेल्फिया रेकॉर्ड’ या दैनिकात सर्वसाधारण बातमीदारी करणाऱ्या मोजक्या कृष्णवर्णीयांपैकी एक होते. ते दैनिक १९४७ मध्ये बंद पडल्यावर त्यांनी काही सहकाऱ्यांच्या मदतीने त्याच वर्षी ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ हा ४८ पानांचा अंक काढला. त्यातील सर्व लेखक आणि चित्रकार कृष्णवर्णीय होते. त्या काळात कॉमिक्सचा अंक सर्रास १० सेंटना मिळत असे; या अंकाची किंमत १५ सेंट होती. जॉन टेरेल यांनी चितारलेला ‘एस हार्लेम’ हा गुप्तहेर आणि इव्हान्स यांचे बंधू जॉर्ज यांनी चितारलेला ‘लायन मॅन’ ही त्यातली प्रमुख पात्रे होत. लायन मॅन हा अमेरिकेत शिकलेला तरुण कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ असून संयुक्त राष्ट्रांनी त्याला आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घानामध्ये, युरेनियमचा साठा असलेल्या डोंगराच्या रक्षणासाठी पाठवलेले आहे. आफ्रिका म्हणजे गोऱ्या नायकाने वेलींना लोंबकळत फिरण्याचे रान, अशी ज्या काळच्या कॉमिक्सची समजूत होती, त्या काळात ही कल्पना किती मोठी झेप होती हे वेगळे सांगायला नको.

चित्रांच्या दृष्टीने हा अंक असमान आहे, हे मान्य केले पाहिजे. काही पानांत मांडणी सराईत आहे, तर काही ठिकाणी मजकुराची गर्दी चित्राला गुदमरवते. परंतु हे दोष पहिल्या अंकाचे दोष आहेत आणि ते दूर होण्याचा मार्ग दुसऱ्या अंकातून जात होता. दुसऱ्या अंकाची तयारी सुरू असताना इव्हान्स यांना वृत्तपत्री कागद विकायला विक्रेत्याने नकार दिला आणि तो उपक्रम तिथेच थांबला. या नकारामागे प्रस्थापित प्रकाशकांचा व वितरकांचा दबाव असावा, असा संशय इव्हान्स यांच्या बाजूने व्यक्त झाला होता. कारण कोणतेही असो, टेरेल यांच्यासारख्या चित्रकाराचा हात दहाव्या अंकात कसा चालला असता, हे पाहण्याची संधी वाचकांच्या एका संपूर्ण पिढीकडून हिरावली गेली.

त्याच काळात वृत्तपत्रांतील चित्रपट्ट्यांची स्थिती मात्र वेगळी होती आणि हा फरक बोलका आहे. ‘पिट्सबर्ग कूरिअर’, ‘शिकागो डिफेंडर’, ‘अॅमस्टरडॅम न्यूज’ ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची साप्ताहिके होती, त्यांचा स्वतःचा वाचक होता आणि काही अंशी स्वतःची वितरणव्यवस्थाही होती. ‘डिफेंडर’चे गठ्ठे तर पुलमन रेल्वेडब्यांतील कृष्णवर्णीय सेवकांनी दक्षिणेकडील राज्यांत पोहोचवले. येथे ऑलिव्हर हॅरिंग्टन यांना १९३५ पासून ‘बूट्सी’ हे पात्र फुलवता आले, आणि येथेच जॅकी ऑर्म्स यांना तो दुर्मिळ लाभ झाला ज्याला सातत्य म्हणतात. ऑर्म्स यांची पहिली चित्रपट्टी ‘टॉर्ची ब्राउन’ १९३७ मध्ये ‘कूरिअर’मध्ये आली, ‘पॅटी-जो अँड जिंजर’ ही एकाच चौकटीची मालिका १९४५ ते १९५६ अशी ११ वर्षे चालली. दर आठवड्याला एकच चौकट, त्यात एक उत्तम पोशाखातली अबोल थोरली बहीण आणि तिच्या शेजारी तोंडाने फटकळ लहान मुलगी, आणि खाली एक-दोन ओळींचा मजकूर, एवढ्या साधनांनिशी ऑर्म्स यांनी शाळांतील वर्णभेदापासून शीतयुद्धातील संशयखोरीपर्यंत सर्व विषय हाताळले. थोरलीच्या अंगावरील कापडाची चुणी न् चुणी जितक्या निगुतीने काढलेली, तितकीच धाकटीची भाषा बोचरी. १९४७ मध्ये पॅटी-जोची बाहुली बाजारात आली. कृष्णवर्णीय मुलींना नोकराणीच्या रूपातल्या बाहुल्याच मिळत असताना ही बाहुली नीटनेटक्या कपड्यांत आली, हेही ऑर्म्स यांच्याच दृष्टीचे फळ होते. त्यांच्या रेषेतील आत्मविश्वास ११ वर्षांच्या सरावाचा आहे, आणि तो सराव शक्य झाला कारण छापखाना, कागद व वाचक या तिन्ही गोष्टी समाजाच्या हाती होत्या.

रंगांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण कारागिरी आणि वर्णभेद यांची गाठ कोठे पडते हे तिथे जवळून दिसते. जुन्या अमेरिकन कॉमिक्सची छपाई स्वस्त, भुरकट वृत्तपत्री कागदावर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंत होत असे, आणि पहिल्या तीन रंगांच्या ठिपक्यांच्या ठरावीक टक्केवारीतूनच सर्व छटा साधाव्या लागत. गोऱ्या कातडीची छटा फिकट किरमिजी आणि फिकट पिवळा एवढ्यात सहज जमे. तपकिरी कातडीसाठी तिन्ही शाई एकमेकींवर पडाव्या लागत, आणि एखादी शाई केसभर सरकली तरी चेहरा राखाडी किंवा जांभळट दिसे. परिणामी अनेक दशके कृष्णवर्णीय पात्रे राखेच्या रंगाची छापली गेली आणि त्याबद्दल कोणाला फारसे वाईट वाटले नाही. त्याहून जुनी खोड म्हणजे चेहरा सबंध काळ्या शाईने भरून त्यावर जाड पांढरे ओठ काढण्याची. यात चेहऱ्याची हाडे, कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालचा थकवा, म्हणजे माणूस म्हणून जे काही असते ते सारे शाईखाली बुडते. पुढच्या निर्मात्यांसाठी म्हणूनच कातडीचा रंग, केसांची कुरळी वीण आणि नाकाची ठेवण नीट उतरवणे हा शैलीचा भाग राहिला नाही, तर व्याकरणाचा भाग झाला. या मेहनतीची दखल समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही, कारण समीक्षा कथानकातील ‘संदेश’ शोधण्यात गुंतली.

१९६० आणि १९७० च्या दशकांतील प्रयत्न विखुरलेले आहेत. बर्ट्रम फिट्झगेराल्ड यांनी १९६६ ते १९७६ या काळात ‘गोल्डन लेगसी’ ही कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरील १६ अंकांची मालिका स्वतः प्रकाशित केली. हैतीच्या मुक्तिलढ्याचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याच्यापासून तिचा आरंभ होतो. सॅन फ्रान्सिस्कोत लॅरी फुलर यांनी १९७० मध्ये ‘एबॉन’ हा अंक काढला, आणि तोही एकच निघाला. शिकागोचे टर्टेल ओन्ली यांनी स्वतंत्र कृष्णवर्णीय कॉमिक्सच्या या साऱ्या धडपडीला ‘ब्लॅक एज’ असे नाव दिले आणि १९९३ मध्ये त्या नावाने शिकागोत संमेलन भरवले. नाव मिळाल्याने विखुरलेले लोक एकमेकांना सापडले, एवढे त्याचे महत्त्व निश्चित आहे.

खरा कस लागला तो १९९० च्या दशकात, आणि तोही दोन अगदी भिन्न वाटांनी. पहिली वाट दाऊद अन्याब्विले आणि गाय सिम्स या भावांची. फिलाडेल्फियाच्या परिसरात एअरब्रशने टी-शर्ट रंगवून विकणाऱ्या या कुटुंबाने १९९० मध्ये ‘ब्रदरमॅन : डिक्टेटर ऑफ डिसिप्लिन’ ही मालिका सुरू केली. तिचा नायक अँटोनियो व्हेलर हा दिवसा सरकारी वकिलाच्या कचेरीत काम करणारा माणूस असून त्याला कोणतीही अमानवी शक्ती नाही. कॉमिक्सच्या दुकानांवर विसंबून न राहता ही मालिका कृष्णवर्णीय व्यापाराच्या प्रदर्शनांत, पुस्तकांच्या दुकानांत, हातोहात विकली गेली, आणि ज्यांनी आयुष्यात कॉमिक्स हातात घेतले नव्हते अशा वाचकांपर्यंत ती पोहोचली. अन्याब्विले यांच्या चौकटीत ‘बिग सिटी’ हे शहर खचाखच भरलेले असते. हातपाय लांबलेली, गाल फुगलेली, टोपी तिरकी घातलेली माणसे चौकटीच्या कडा ढकलत असतात आणि मागच्या भिंतीवरही मजकूर असतो. भित्तिचित्रे आणि टी-शर्ट यांवर तयार झालेला हा हात कोणत्याही कंपनीच्या ठरीव शैलीत बसणारा नव्हता. अतिशयोक्त चेहरेपट्टी वापरूनही उपहासचित्राचा जुना विखार तिच्यात येऊ न देणे ही त्यांची मोठी कमाई आहे. परंतु लिहिणे, चितारणे, छापणे, गठ्ठे बांधणे आणि टेबल मांडून विकणे हे सर्व एकाच घरावर पडल्याने सुमारे सहा वर्षांत ११ अंक निघाले. जे ११ निघाले ते निघाले हेच थोर, असे म्हणावे लागते. पण त्या हाताला दरमहा एक अंक मिळाला असता तर, हा प्रश्न मनातून जात नाही.

दुसरी वाट माइलस्टोन मीडियाची. ड्वेन मॅकडफी, डेनिस कॉवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल यांनी स्थापलेल्या या कंपनीने डीसी कॉमिक्सशी करार केला, त्यानुसार छपाई व वितरण डीसीकडे आणि स्वामित्वहक्क व संपादकीय निर्णय माइलस्टोनकडे राहिले. १९९३ मध्ये ‘हार्डवेअर’, ‘ब्लड सिंडिकेट’, ‘आयकॉन’ आणि ‘स्टॅटिक’ या चार मालिका सुरू झाल्या. वर उल्लेखिलेल्या रंगांच्या प्रश्नाला येथे प्रथमच पद्धतशीर उत्तर मिळाले; एका ‘तपकिरी’ऐवजी कातडीच्या अनेक छटा जाणीवपूर्वक वापरल्या गेल्या, त्यामुळे एकाच चौकटीत उभी असलेली पाच कृष्णवर्णीय माणसे पाच वेगळी माणसे दिसू लागली. मॅकडफी यांची भूमिका अशी होती, की जिथे एकच कृष्णवर्णीय पात्र असते तिथे त्याला साऱ्या समाजाचे प्रतिनिधित्व करावे लागते आणि म्हणून ते निर्दोष, म्हणजे निर्जीव होते. पात्रे अनेक असली, की त्यांतले कोणी चुकू शकते, भांडू शकते, वेगळ्या राजकीय मताचे असू शकते. ‘आयकॉन’चा नायक सनातनी वृत्तीचा धनाढ्य वकील आहे आणि त्याची तरुण सहकारी रॅकेल त्याला वस्तीतल्या वास्तवाची वारंवार आठवण करून देते, ही रचना त्याच विचारातून आली.

माइलस्टोनवर त्याच वेळी कडाडून टीका झाली, तीही आपल्यांकडून. स्वतंत्र कृष्णवर्णीय प्रकाशकांनी १९९३ च्या सुमारास ‘अनिया’ नावाचा संघ उभारला होता, आणि त्यातील काहींनी डीसीच्या यंत्रणेतून बाहेर पडणारे कॉमिक्स खरे स्वतंत्र नव्हे, असा आक्षेप घेतला. या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. परक्याच्या छापखान्यावर विसंबणाऱ्याचा गळा कधीही आवळला जाऊ शकतो, ही भीती इव्हान्स यांच्या अनुभवाने सिद्ध झालेली होती. परंतु परिणामांकडे पाहता प्रस्तुत लेखकाचा कल माइलस्टोनकडे झुकतो, आणि त्याचे कारण पुन्हा अंकसंख्या हेच आहे: ‘स्टॅटिक’चे ४५ अंक निघाले. कलाशाळेत शिकत असतानाच जॉन पॉल लिऑन यांना ही मालिका मिळाली आणि महिन्यामागून महिना काम करत त्यांची रेषा वाचकांच्या डोळ्यांदेखत पक्की होत गेली. अनियाचा संघ मात्र फार काळ टिकला नाही. माइलस्टोनचे मासिक प्रकाशनही १९९७ मध्ये थांबले, तरी पात्रांची मालकी हातात असल्यामुळे २००० ते २००४ या काळात ‘स्टॅटिक शॉक’ ही दूरचित्रवाणी मालिका होऊ शकली.

त्या दशकातील पडझडीचे कारण केवळ वर्णभेदात शोधणे अपुरे ठरेल. अमेरिकन कॉमिक्सची दुकाने ज्या पद्धतीने चालतात तिला ‘डायरेक्ट मार्केट’ म्हणतात. तीत दुकानदार वितरकाच्या सूचीतून सुमारे दोन महिने आधी मागणी नोंदवतो आणि न खपलेले अंक सहसा परत घेतले जात नाहीत. साहजिकच दुकानदार ओळखीचे नाव मागवतो, अनोळखी नाव टाळतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात मोठ्या वितरकांची आपसांतील लढाई होऊन डायमंड ही एकच कंपनी मैदानात उरली, आणि २००९ मध्ये तिने किमान मागणीची अट २,५०० डॉलरवर नेली, त्यामुळे लहान प्रकाशकांना सूचीत टिकणेही अवघड झाले. हा फटका साऱ्याच लहान प्रकाशकांना बसला. ज्यांच्याकडे गाठीला पैसा आणि ओळखीचा दुकानदार दोन्ही नव्हते, त्यांना तो अधिक बसला.

याच अडचणीतून नव्या वाटा निघाल्या. काइल बेकर यांनी १८३१ च्या गुलामांच्या बंडावरील ‘नॅट टर्नर’ २००५ मध्ये स्वतः प्रकाशित करायला घेतले. ही चित्रकथा बहुतांशी शब्दविरहित आहे आणि तिचे भयानकपण चौकटींच्या लयीत आहे. ती पुढे २००८ मध्ये एब्रम्स या ग्रंथप्रकाशकाकडून पुस्तकरूपाने आली, म्हणजे स्वप्रकाशन हे तिच्यासाठी दार ठरले. शिकागोच्या सी. स्पाइक ट्रॉटमन यांनी २००७ मध्ये ‘आयर्न सर्कस कॉमिक्स’ स्थापन केले आणि लोकवर्गणीच्या, म्हणजे वाचकांनी छपाईआधीच पैसे भरण्याच्या, नव्या सोयीचा इतका नेमका उपयोग केला, की ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त जमल्यास सहभागी चित्रकारांचा मोबदला वाढेल अशी तजवीज त्यांनी आधीच जाहीर केली. चित्रकाराला वाढीव पानदर मिळणे ही कागदावर किरकोळ बाब दिसते. प्रत्यक्षात दुसरी नोकरी न करता पुढचे पान काढता येणे तिच्यावर ठरते. क्वांझा ओसाजयेफो, टिम स्मिथ आणि जमाल इगल यांच्या ‘ब्लॅक’ला २०१६ मध्ये याच मार्गाने ९० हजार डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. विक्रीचे टेबल आणि वाचक यांची गाठ घालून देण्याचे काम फिलाडेल्फियातील ईस्ट कोस्ट ब्लॅक एज संमेलनाने २००२ पासून आणि हार्लेममधील शोम्बर्ग ग्रंथालयाच्या महोत्सवाने २०१३ पासून केले. डायमंडने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा या टेबलांचे मोल आणखी स्पष्ट झाले.

एका दबावाचा उल्लेख उरतो. कृष्णवर्णीय अमेरिकन घरांत मुलांना सांगितले जाते, की तुला दुप्पट चांगले व्हावे लागेल, तेव्हा कुठे निम्मे पदरात पडेल. कॉमिक्सकारांनीही हे बाळकडू घेतले आणि त्यातून अतोनात मेहनत उभी राहिली, पण त्या मागणीचा अन्याय लपत नाही. साधारण प्रतीचे काम करत करत शिकण्याची मुभा हीसुद्धा एक सवलतच असते आणि ती समान वाटली गेली नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून नाव घेतलेल्या दलित पँथरच्या पिढीला महाराष्ट्रात ‘अनुभव जळजळीत आहे, पण कला कुठे आहे?’ असे जे विचारले गेले, त्याच जातीचा हा प्रश्न होय. उलट बाजूने, ‘पहिला कृष्णवर्णीय’ एवढ्यावर कौतुक करून कारागिरीची चिकित्सा टाळणारी समीक्षाही निर्मात्याचे नुकसानच करते, कारण ती त्याला पुढच्या अंकासाठी काहीच देत नाही.

सातत्याचे फळ काय असते, ते अलीकडच्या काही नावांत दिसते. ‘मामाज बॉइझ’ ही चित्रपट्टी वर्षानुवर्षे काढणारे आणि तिचे संग्रह स्वतःच छापणारे जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ला २०२० मध्ये न्यूबेरी पदक मिळाले, १९२२ पासून दिल्या जाणाऱ्या या बालसाहित्य पुरस्काराने प्रथमच एका चित्रकादंबरीला गौरवले. डेव्हिड वॉकर, चक ब्राउन आणि सॅनफर्ड ग्रीन यांची १९२० च्या दशकातील हार्लेमवर बेतलेली ‘बिटर रूट’ ही मालिका, जिचे हक्क निर्मात्यांकडेच आहेत, त्याच वर्षी कॉमिक्ससाठी दिल्या जाणाऱ्या आइस्नर पुरस्कारांत सर्वोत्तम चालू मालिकेची मानकरी ठरली. ‘ब्रदरमॅन’च्या दाऊद अन्याब्विले यांनी धावपटू टॉमी स्मिथ यांच्या आयुष्यावरील ‘व्हिक्टरी. स्टँड!’ची चित्रे काढली, आणि २०२२ मध्ये ते पुस्तक नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत आले. मेक्सिको शहरातील ऑलिंपिकच्या विजयमंचावर, काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावून आणि मान खाली घालून उभ्या असलेल्या स्मिथ यांच्या चित्रात १९९० च्या गर्दीचा मागमूस नाही. रेघा कमी झाल्या आहेत आणि खांद्यांवरचा ताण तेवढा राहिला आहे.

‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ची पंचाहत्तरी साधून त्या एकमेव अंकाची डागडुजी केलेली आवृत्ती लोकवर्गणीतून निघाली. तिच्यात जुन्या पानांचे रंग स्वच्छ केले आहेत, आणि त्या पानांच्या मागे आजच्या कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी त्याच पात्रांवर रचलेल्या नव्या कथा जोडल्या आहेत.